करंगळी

सकाळी साडेसहाला बेनोड्याच्या रस्त्यावर
संत्र्याच्या ग्रेडिंग सेंटरचं फाटक
बायांना दहा हातांवरूनच ओळखतं.
मनगटावरचा करडा पट्टा
न बोलता नाव सांगतो,
पडद्यावर फोटो येतो,
मग चार सेकंद.
तेवढ्यात काचेवर अंगठा ठेवायचा
आणि सिद्ध करायचं
की पट्ट्याच्या आत तुम्हीच आहात.

मी त्या पडद्यामागे बसतो.
पगार साडेनऊ हजार, खुर्ची फिरती.

पट्टे वाटले त्या दिवशी पंचफुला म्हणाली,
"आमच्या गाईच्या कानाले पिवळा बिल्ला मारला,
थेच का बाप्पा हे?"
मी म्हटलं, नाही मावशी, हे वायरलेस आहे.
"गाईलेबी वायर नोहोती."

येनूबाई धुर्वेचा पट्टा
नेमका विंचवाच्या गोंदणावर बसला.
"त्याले झाकू नोको रे,
मेल्यावर थोच सोबत येते."
मी पट्टा दोन बोटं वर सरकवला.
विंचू मोकळा झाला.

पण अंगठा लागेना.
पदराला पुसून लागेना,
फुंकर मारून लागेना,
कपाळाचा घाम लावून लागेना.
सत्तावीस हंगाम झाले तिला.
अंगठा देठ मोडतो,
त्याच्या शेजारचं बोट डाग चाचपतं,
मधलं फळ फिरवतं,
चौथं खालून तोलून धरतं.
सालीतलं तेल रोज थोडं थोडं
बोटांवरच्या रेघा पीत गेलं असेल.
एकेक बोट काचेवर ठेवत गेलो,
पडद्यावर नुसतं धुकं.
मागे रांग, रांगेत कुजबुज,
आणि तिच्या तोंडावर
परीक्षेत नापास झालेल्या पोरीसारखं काहीतरी.

शेवटी डाव्या हाताची करंगळी.
हिरवा दिवा.

"हे त कधीच काही कामाची नोहोती,"
येनूबाई तिच्याकडे बघत म्हणाली,
जशी काही घरातली आळशी नणंद
आज एकाएकी पाहुण्यांपुढे इंग्रजी बोलली.

तेव्हापासून ती रोज सकाळी
फाटकाला करंगळी दाखवते.
मागून कोणीतरी ओरडतंच,
"येनू, आजबी कट्टी का वं?"
"कट्टीच! दोस्ती कराले
त्याले बोटं कुठं हायेत?"

परवा खोक्याची टेप कापताना
माझ्या अंगठ्यावरून ब्लेड गेलं.
सकाळी पट्ट्यानं नाव सांगितलं,
फोटो आला, माझाच, पासपोर्टचा,
आणि चिंधी गुंडाळलेला अंगठा बघून
फाटक लाल झालं.
चौकीदार कालच रुजू झालेला,
त्यानं काठी आडवी धरली.

मागे चाळीस बाया.
"सोड ना त्याले, थो कम्पुटरवाला हाये."
"कोनाचा हाये हा पोट्टा?"
"पुसल्याच्या रुक्माचा धाकला."
"रुक्माले पोरीच हायेत वं, हा बेबीनंदाचा."
"बेबीनंदाच्या पोराचे कान पाय, अन् याचे पाय."
मी सांगत होतो मी कोणाचा ते.
मला कोणी विचारलं नव्हतं.
भांडण बेबीनंदाच्या सासरपर्यंत गेलं,
तिथून कुण्या लग्नातल्या मानापानावर.
शेवटी नागपूरहून साहेबानं फोनवरून फाटक उघडलं.

नोंद अजून तशीच आहे.
सहा एकेचाळीस, अनोळखी व्यक्ती, एक.

दुपारी येनूबाई डबा घेऊन खिडकीशी आली.
"तू बी करंगळी लावून ठेव लेका,
अडीअडचनीले कामी येते."
लावली.
लगेच लागली. मग बाकीचीही लावून पाहिली,
चिंधीतला अंगठा सोडून नऊच्या नऊ,
पहिल्याच खेपेला,
रेघ न् रेघ काढून ठेवल्यासारखी.

"लागली का रे?" तिनं खिडकीतून विचारलं.
मी म्हटलं, एक लागली,
आणि पडदा जरासा माझ्याकडे वळवून घेतला.